विशाखाची झोपमोड

गुलमंडीत कापडाच्या दुकानांची रांग संपत आली की एका जुन्या इमारतीचा जिना लागतो. त्या जिन्याखाली, पुढून उंच आणि मागं उतरत गेलेल्या तिरप्या जागेत, विशाखाचं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर एक पिकोचं मशीन, एक स्टूल, एक सतरंजी आणि भिंतभर दोऱ्यांची रिळं. मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, राणी, जी साडी येईल तिच्या जवळ जाणारा दोरा तिथं सापडतोच. नवी साडी घेतलेली बाई घरी जायच्या आधी इथं थांबते, पिशवी पुढं करते आणि "संध्याकाळपर्यंत पाहिजे हं" असं बजावते. विशाखा हो म्हणते. तेवढ्यात झोपली नाही, तर.

हो, झोपली नाही तर. हसू नका, कारण आजवर सगळे हसूनच घेत आलेत. तुम्हीआम्ही झोपेकडे जातो. अंथरूण घालतो, दिवा मालवतो, कूस बदलतो. विशाखाकडे झोप स्वतः चालत येते. बोलता बोलता येते, पोळी लाटता लाटता येते, रिक्षाला हात करता करता येते. ओळखीची बाई मागून येऊन खांद्यावर हात ठेवते ना, तशी येते आणि घेऊन जाते. जाण्यात जबरदस्ती अशी नसते. गोडच असतं ते, आणि खरी अडचण तीच आहे.

शाळेत असताना फळ्यावरचं उतरवून घेता घेता तिची ओळ वहीवरून घसरायची आणि बाकावर जायची. बाई छडी आपटायच्या. पोरी तिला कुंभकर्णाची बहीण म्हणायच्या. एकटी आई तेवढी तिच्या बाजूनं असायची. पारूबाई तेव्हा फुलंब्रीहून रोज एसटीनं शहरात यायच्या, दुकानदारांकडून साड्या घ्यायच्या आणि या जिन्याखाली बसून फॉल लावून द्यायच्या. लेक मांडीवर डोकं टेकून झोपली की कुणी कितीही बोललं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोर दमली माझी. झोपू द्या तिला." पोर कशानं दमली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढं जिन्याखालची ती जागाच त्यांनी कायमची घेतली, मशीन घेतलं, लेकीच्या हाताला पिकोचं वळण लावलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या.

या झोपेला नाव असतं हे विशाखाला लग्नानंतर कळलं, घाटीच्या सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी 'नार्कोलेप्सी' असा शब्द सांगितला. हा आळस नाही, मेंदूत जागं ठेवणारं एक द्रव्य असतं, ते तुमच्याकडं जवळजवळ नाही, असं समजावलं. विशाखा बाहेर येऊन बाकावर बसली आणि रडली. इतक्या वर्षांचे टोमणे एका शब्दानं खोटे ठरले होते. गोळ्या सुरू झाल्या. झोपेचे हेलपाटे कमी झाले, थांबले मात्र नाहीत.

मग गेल्या लग्नसराईत व्हायचं ते झालं. पिकोचं मशीन मोटारवर चालतं, पायाखाली पेडल असतं. जागा माणूस पेडल जपून दाबतो. झोपलेल्या माणसाचा पाय नुसता जड होतो. विशाखा कुणाच्या तरी शालूचा पदर धरून होती, झोप आली, पाय जड झाला, मशीन सुटलं आणि सुई तिच्या बोटातून नखासकट आरपार गेली. समोरच्या मॅचिंग सेंटरच्या सुलेखाताई धावत आल्या आणि त्यांनी आधी बटण बंद केलं.

तिचा नवरा अभय वाळूजला कंपनीत आहे. भला माणूस, आवाज चढवणार नाही. त्यानं पेडल सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि कंपनीतल्या आपल्या लॉकरमध्ये नेऊन ठेवलं.

"अहो, पिको नाय तर दुकान कशाचं?" विशाखा म्हणाली. "नुसत्या हातानं फॉल लावून कोण येतंय माझ्याकडं?"

"बोट बग आधी," अभय म्हणाला. "पुढची लग्नसराई येईपर्यंत काही इलाज निघाला तर पेडल तुझं. नायतर मशीन इकू आन् जागा सोडू. आता मला नाय बघवत."

आईचं मशीन, आईची जागा. विशाखाला ते शब्द सुईपेक्षा जास्त लागले.

इलाज निघाला तो कपड्यांच्या चिंध्यांतून. एके सकाळी शटर उघडलं तर फॉलच्या तुकड्यांच्या ढिगावर एक गावठी पिल्लू बिनघोर झोपलेलं. रंग मातकट, कान एक उभा, एक पडलेला, आणि अंगाला दोरे गुंडाळलेले. सुलेखाताई म्हणाल्या, "घे, तुझ्याच जातकुळीची दिसती." दोरे गुंडाळलेले म्हणून तिचं नाव बॉबीन पडलं. त्याच आठवड्यात विशाखानं मोबाईलवर एक परदेशी बाई पाहिली. तिलाही हाच आजार होता, आणि तिचं कुत्रं तिला झोप लागली की पंज्यानं हलवून उठवायचं. विशाखानं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की बघता बघताच दोनदा झोपली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आपल्याकडे असं तयार कुत्रं कुठं मिळणार? पण तुम्हीच शिकवून पाहा की."

म्हणून विशाखानंच शिकवायला घेतलं. आता कुत्र्याला उपदेश कळत नाही, खाऊ कळतो. ज्या गोष्टीनंतर खाऊ मिळाला ती गोष्ट ते पुन्हा करतं, शिकवणीचा सारा मंत्र एवढाच. आधी विशाखानं सुकट वापरून पाहिली. बॉबीन खूश झाली. पण एका नवरीच्या पैठणीला असा काही वास लागला की तिची आई पदर नाकाला लावून भांडून गेली. मग फुटाणे आले. स्टीलचा छोटा डबा, त्यात फुटाणे, आणि डबा मांडीशी. पंजा गुडघ्यावर ठेवला की फुटाणा. मान खाली पडल्यावर पंजा ठेवला की दोन फुटाणे. विशाखा खोटं खोटं झोपायची, मान टाकायची, हात सैल सोडायची, आणि बॉबीन दोन्ही पंजे मांडीवर टाकून तिच्या हनुवटीला नाकानं ढुसण्या द्यायची. कधीकधी खोट्या झोपेचीच खरी व्हायची, तो भाग वेगळा.

"नाटकात जा गं तू," सुलेखाताई समोरून ओरडायच्या. "मेल्याचं काम फर्मास करशील."

गिऱ्हाइकांनाही सवय झाली. फॉलला साड्या घेऊन येणाऱ्या एक खाला पायरीवरूनच पिशवी द्यायच्या. "उसको जरा उधर बिठाव बेटी," म्हणायच्या, आणि जाताना वळून विचारायच्या, "सीखी क्या कुछ?"

शिकली होती की! खोट्या झोपेतून बॉबीन तिला दर वेळी उठवायची, कधी चुकायची नाही. रस्त्यात हॉर्न वाजो, समोर वरात जावो, मान पडली की पंजे मांडीवर. विशाखा हरखून गेली होती.

आणि खऱ्या झोपेत? खऱ्या झोपेत बॉबीन ढिम्म बसायची.

विशाखा जागी व्हायची ती मान अवघडल्यावर. हातातला फॉल अर्धा, शेवटचे टाके वेडेवाकडे भटकलेले, ऊन पायरीवरून सरकून रस्त्याच्या पार गेलेलं, आणि बॉबीन शेजारी शहाण्यासारखी बसून जिभल्या चाटतेय. एकदा नाही, रोज. विशाखाला कळेना. खोटं ओळखते आणि खरं ओळखत नाही, असं कसं होईल?

विचार करता करता तिला चोर सापडला. चोर घरातच होता. भावसिंगपुऱ्यातलं त्यांचं घर म्हणजे शिफ्टवाल्याचं घर. शिफ्टवाल्याच्या घरी झोपलेला माणूस म्हणजे देवच. अभय रात्रपाळी करून सकाळी आला की कुकर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, दार लोटायचं तेही कडी हातात धरून. पिल्लू असल्यापासून बॉबीन भुंकली की अभय ओठावर बोट ठेवून "शूऽ, झोपलंय माणूस" म्हणायचा आणि ती गप्प बसली की बिस्किट टाकायचा. विशाखा सोफ्यावर डुलकी घेऊ लागली तरी तेच.

"दिवसभर मी शिकवते उठव, आन् तुम्ही घरी शिकवता झोपू दे!" त्या संध्याकाळी विशाखा कडाडली. "कोणाचं ऐकावं तिनं? तुमच्यामुळं माझं मशीन जाणार, तुमच्या त्या शूऽमुळं!"

अभय ताटावरून उठला नाही, पण घास तसाच हातात राहिला. "मला वाटायचं झोपेत तरी तुला आराम आसंल," तो म्हणाला. "झोपेत तू हसती. तुला काय ठाव, लई छान हसती."

विशाखानं भाजीचं भांडं त्याच्याकडं सरकवलं. मग अभयच म्हणाला, "माझ्या सुट्टीला दुकानात येऊन बसतो. शूऽ नाय करणार, काहीच नाय करणार. बगू कुठं चुकतंय."

सुट्टीच्या दिवशी तो आला आणि रिळांच्या भिंतीला पाठ टेकून बसला. विशाखा एका अंजिरी साडीला हातानं फॉल लावत होती. दुपार वितळायला लागली होती. गल्लीतले आवाज एकेक करून दूर जाऊ लागले, पाण्याखालून यावेत तसे ऐकू येऊ लागले, आणि झोपेची ती ओळखीची बाई मागून आली, तिनं खांद्यावर हात ठेवला.

विशाखाच्या झोपेला दार नसतं. जागेपण आणि स्वप्न एकाच सतरंजीवर बसलेली असतात. गल्ली तीच असते, फक्त तिच्यातून आता पाणी वाहत असतं, पाणचक्कीचं असावं, गार, स्वच्छ, आणि त्या पाण्यातून उघड्या घड्यांच्या साड्या हळूहळू तरंगत चाललेल्या असतात. वेरूळचे दगडी हत्ती घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून कान हलवत असतात आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. सुलेखाताई त्यांच्या पाठीशी मॅचिंग लावून बघत असतात. आणि दुकानात, सतरंजीवर, आई बसलेली असते. पौर्णिमेला विहारात नेसायची ती पांढरी साडी नेसलेली. तरंगत आलेली एकेक साडी पारूबाई पाण्यातून उचलतात, ती कोरडीच असते, आणि तिची घडी घालत घालत बोलत राहतात. बोलणं साधंच असतं. फुलंब्रीच्या बसला आज जागा मिळाली. जिन्यावरच्या म्हातारीचा खोकला बरा आहे. दोरा किती गं संपवलास. विशाखा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत राहते. पाण्यातून काहीतरी येऊन तिला ढकलतं, ओलं नाक असतं कसलं तरी. आई म्हणते, "दमली पोर. झोपू द्या तिला." आणि विशाखाला वाटतं, हे जे कुणी आलंय त्याला काहीतरी देऊन परत पाठवावं.

तिनं डोळे उघडले तेव्हा अभय समोर तसाच बसलेला होता. चेहरा ओढलेला.

"उठवलं का हिनं?" विशाखानं विचारलं.

"उठवलं," अभय म्हणाला. "लगेच उठवलं. दोन्ही पाय मांडीवर ठेवले, नाकानं ढोसलं."

"मग?"

"मग तू हात डब्यात घातला आन् तिला फुटाणे दिले. मूठभर. डोळे मिटलेलेच. डोक्यावरून हात फिरवला आन् म्हणलीस, झोपू द्या. ती खाली बसली. थोड्या येळानं परत उठवाया आली, तू परत दिले. तिसऱ्यांदा ती नुसती येऊन बसली. गप बसलं की मिळतंय, हे तिला कळलं." त्यानं डबा तिच्यापुढं सरकवला. "मी नाय शिकवलं तिला विशाखा. तूच शिकवलं."

विशाखानं डबा उघडून पाहिला. सकाळी काठोकाठ भरलेला डबा तळाला गेला होता. एकाच शाळेत दोन मास्तरणी होत्या तर. जागी विशाखा शिकवायची उठव म्हणून, आणि झोपलेली विशाखा शिकवायची उठवू नको म्हणून. आणि झोपलेलीचा हात जास्त मोकळा होता.

"झोपेत कोण असतं?" अभयनं हळूच विचारलं.

आजवर तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

उपाय तर अगदी सोपा होता, शेंबड्या पोरालाही सुचेल असा. दुकानाच्या पुढच्या उंच बाजूला, हात वर करून उभं राहिल्याशिवाय पोचणार नाही अशा जागी एक खिळा ठोकायचा आणि डबा तिथं टांगायचा. बसल्या जागी झोपलेली बाई उठून उभी राहणार नाही. म्हणजे खाऊ देईल ती जागीच विशाखा. अभयनं दुसऱ्याच दिवशी खिळा आणि हातोडी आणून दिली.

खिळा मात्र ठोकला जाईना. आज गर्दी होती. उद्या भिंत ओली वाटली. परवा हातोडी घरी राहिली. सुलेखाताईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. विशाखाला सगळं कळत होतं. कुत्री शिकली तर मशीन राहणार, दुकान राहणार. आणि कुत्री शिकली तर आई जाणार, वाक्याच्या मध्यात, रोज. आईनं दिलेली जागा राखायची तर आईलाच सोडायचं, हा कुठला न्याय? ती चिडायची, आणि नेमक्या कुणावर चिडावं ते न समजून बॉबीनवर चिडायची. बॉबीन पडका कान आणखी पाडून बघत राहायची.

लग्नसराई तोंडावर आली. शेजारच्या दुकानांत शालूंचे गठ्ठे उतरू लागले. एक दिवस खाला आल्या, नातीच्या लग्नाच्या साड्या घेऊन आल्या, आणि पिको होत नाही म्हटल्यावर पिशवी उचलून म्हणाल्या, "तेरी माँ रहती तो मना नहीं करती." त्या सहज बोलल्या, मनात काही नव्हतं. त्या चौकाकडे वळेपर्यंत विशाखा बघत राहिली. मग तिनं हातोडी उचलली आणि खिळा ठोकला. पहिले दोन घाव भिंतीवरच बसले.

त्यानंतरचे दिवस बॉबीनला जड गेले. गप्प बसून बसून काही मिळेना. ती गोंधळली, कुरकुरली, मग कंटाळून पुन्हा पंजे टाकून पाहू लागली. एखाद्या वेळी जमायचं, एखाद्या वेळी नाही. अभयनं घरातला शूऽ बंद केला. रात्रपाळीवरून आलेला तो बिचारा कुकरच्या शिट्ट्या ऐकत झोपायला शिकला. आणि पुढच्या सुट्टीला तो दुकानात आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पेडल होतं. त्यानं ते जोडलं, बटणाच्या अगदी जवळ बसला आणि म्हणाला, "मी काय बोलणार नाय. सुई हाताजवळ गेली तरच बटण बंद करीन. आन् मला करावं लागलं, तर मग आपलं ठरलेलंच हाय."

विशाखानं खालांचीच साडी घेतली. निरोप पाठवून तिनं ती परत मागवली होती. मशीन सुरू झालं. काठ सरकू लागला, सुरेख, बारीक, दाण्यासारखा पिको. किती दिवसांनी तो आवाज! तिला इतकं बरं वाटलं की खांद्यावरचा हात जाणवलाच नाही.

पाणी आलं. साड्या आल्या. आई सतरंजीवर बसली होती, आणि आज ती घड्या घालत नव्हती. तिनं विशाखाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, केसांतून बोटं फिरवली आणि म्हणाली, "विशाखा, तुला एक सांगायचं राहिलं बग. मी जाताना—"

छातीवर दोन पंजे आदळले.

विशाखानं ते ढकलले. हात डब्याकडं गेला, डबा जागेवर नव्हता. पंजे पुन्हा आले, नाक हनुवटीखाली घुसलं, कानात भुंकणं फुटलं आणि पाणी आटलं. हत्ती नाहीत, आई नाही. हॉर्न, धूळ, ऊन, आणि थांबलेलं मशीन. पाय पेडलवरून सरकून बाजूला पडला होता. सुई काठावर होती. बोटं सुईच्या बरीच अलीकडे होती. अभयचा हात बटणावर होता, पण बटण त्यानं दाबलं नव्हतं.

विशाखाचा हात वर गेला, मारायलाच गेला. आई काय सांगणार होती? जाताना काय? आता ते कुणाला विचारायचं? बॉबीन मांडीवर पंजे तसेच ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होती, मार चुकवायलाही ती हलली नाही.

विशाखाला रडू फुटलं. पारूबाई गेल्या तेव्हाही ती अशी रडली नव्हती; तेव्हा तिला झोप लागली होती. अभय उठू लागला तसं तिनं हातानं त्याला थांबवलं. ती स्वतः उठली, टाचा उंचावून डबा खाली घेतला, आणि हुंदके देत देत ओंजळभर फुटाणे बॉबीनपुढं धरले.

"शहाणी गं माझी," ती म्हणाली. "पुढच्या बारीला बी आशीच उठव. मी कितीबी नको म्हणलं तरी उठव."